शिडीवरून उतरलेला आमदार

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

कारखान्याला आग लागून माणसे दगावली की पुढे काय होते, हे आता वाचकांना पाठ झाले आहे. मंत्री घटनास्थळी जातात, वारसांना मदत जाहीर होते, चौकशी समिती नेमली जाते, मालकाला अटक होते, आणि पंधरवड्यात बातमी आतल्या पानावर सरकते. समितीच्या अहवालाचे काय झाले हे पुढे कोणी विचारत नाही. मी राज्याच्या कारखाना निरीक्षण खात्यात उभी हयात काढली आहे. चौकशी समित्या मुळातच निरुपयोगी असतात असे मला वाटत नाही. समिती कोणाची आहे, तिच्या अध्यक्षाने स्वतःच्या डोळ्यांनी काय पाहिले, आणि पाहून आल्यावर कायदा करण्याची ताकद त्याच्या हाती होती का, यावर सगळे ठरते. म्हणून एका आमदाराची हकिगत आपल्या वाचकांपुढे ठेवावी असे वाटले. पत्र लांबले आहे, पण माझी विनंती आहे की ते कापू नये.

हा आमदार म्हणजे न्यूयॉर्क राज्याच्या विधिमंडळातले रॉबर्ट वॅग्नर. पेशाने वकील. अमेरिकेत त्यांचे नाव घेतले जाते ते १९३५ च्या कामगार संबंध कायद्यामुळे. मला मात्र त्याच्या वीस-बावीस वर्षे आधीचे, न्यूयॉर्क राज्याची राजधानी आल्बनी येथे बसणारे वॅग्नर अधिक जवळचे वाटतात, कारण त्या काळात त्यांनी केलेले काम आमच्या खात्याच्या कामाशी थेट जोडलेले आहे.

त्यांचा जन्म ८ जून १८७७ चा, जर्मनीतल्या नास्टेटन नावाच्या छोट्या गावातला. वडील कापड रंगवण्याचा धंदा करीत. कुटुंब न्यूयॉर्कला आले तेव्हा रॉबर्ट आठ-नऊ वर्षांचा होता आणि त्याला इंग्रजी येत नव्हते. तिथे वडिलांना भाडेकरूंच्या इमारतीत राखणदाराचे काम मिळाले आणि बिऱ्हाड पडले यॉर्कव्हिल भागातल्या एका तळघरात. पोरगा रस्त्यावर वर्तमानपत्रे विकत असे. थोरला भाऊ गस स्वयंपाक्याचे काम करीत होता. त्याने हात दिला म्हणून धाकट्याला सिटी कॉलेजात शिकता आले. आईवडील १८९६ मध्ये जर्मनीला परत गेले, रॉबर्ट मात्र राहिला. १८९८ ला पदवी घेतली, १९०० ला वकिलीची परीक्षा उत्तम गुणांनी पार केली, आणि एका मित्राबरोबर भागीदारीत वकिली सुरू केली.

पुढे मोठेपणी लोक त्यांच्यापुढे म्हणत की पाहा, गरिबीने माणूस कसा घडतो! वॅग्नर यांना ते आवडत नसे. मी तरून गेलो हे माझे नशीब, जे तरले नाहीत त्यांचा विचार करा, अशा अर्थाचे उत्तर ते देत. मला या माणसाबद्दल आदर वाटायला सुरुवात झाली ती इथून. स्वतः वर आल्यावर शिडी लाथेने पाडणारे पुष्कळ पाहिले आहेत.

राजकारणात ते आले टॅमनी हॉलच्या आश्रयाने. टॅमनी हॉल म्हणजे डेमोक्रॅटिक पक्षाची न्यूयॉर्क शहरातली यंत्रणा. नोकऱ्या, ठेके, मते आणि मेहेरबानी यांचा सगळा हिशेब तिथे चाले आणि चार्ल्स मर्फी हे तिचे सर्वेसर्वा होते. वॅग्नर १९०५ मध्ये कनिष्ठ सभागृहात आले, १९०९ पासून राज्याच्या सिनेटमध्ये, म्हणजे वरिष्ठ सभागृहात. समुद्रकाठच्या कोनी आयलंड या सहलीच्या ठिकाणापर्यंत पाच सेंटांतच प्रवास झाला पाहिजे असे त्यांचे विधेयक दोन्ही सभागृहांत पास झाले, पण गव्हर्नर ह्यूजेस यांनी ते नाकारले. १९११ च्या जानेवारीत, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, ते सिनेटमधल्या बहुमताच्या पक्षाचे नेते झाले. कनिष्ठ सभागृहात त्यांचे जोडीदार होते आल स्मिथ, लहानपणीच शाळा सुटलेले आणि मासळीबाजारात काम केलेले. मर्फींचा शब्द हे दोघेही मोडत नसत. त्याच वर्षी अमेरिकेच्या सिनेटमधल्या जागेसाठी मर्फींनी पुढे केलेल्या उमेदवाराच्या बाजूने वॅग्नर सभागृहात झुंजले, आणि फ्रँकलिन रूझवेल्ट नावाच्या एका नवख्या सिनेटरने त्यांच्याविरुद्ध बंड केले. वॅग्नर पक्षयंत्रणेतले माणूस होते हे लपवण्यात अर्थ नाही. मी ते मुद्दाम सांगते आहे, कारण आपल्याकडे 'चांगला माणूस राजकारणात नसतो' असे म्हणून आपण सगळ्याच आमदारांवर फुली मारून मोकळे होतो.

२५ मार्च १९११, शनिवार. दुपारी पावणेपाचच्या सुमारास मॅनहॅटनमधल्या अ‍ॅश बिल्डिंगच्या आठव्या मजल्यावर आग लागली. वरच्या तीन मजल्यांवर ट्रायँगल कंपनीचा बायकांचे ब्लाऊज शिवण्याचा कारखाना होता. कामावर होत्या त्या बहुतेक इटालियन आणि ज्यू मुली, कित्येकींचे वय विशीच्या आत. कापणीच्या टेबलांखाली चिंध्यांचे ढीग, डोक्यावर टांगलेले कागदी नमुने, मशीनच्या तेलाने भिजलेली जमीन. अर्ध्या तासात सारे संपले. १४६ माणसे गेली, त्यांत १२३ बायका आणि मुली. नवव्या मजल्यावरून वॉशिंग्टन प्लेसच्या बाजूला उतरणाऱ्या जिन्याच्या दाराला कुलूप होते. बाहेरचा लोखंडी जिना माणसांच्या वजनाने कोसळला. बंबाची शिडी सहाव्या मजल्यापर्यंतच पोचत होती. इमारत 'अग्निरोधक' म्हणून बांधलेली होती आणि ती खरोखरच उभी राहिली. आजही उभी आहे.

कुलूप कशासाठी होते? मुली कापड चोरून नेतात म्हणून. सुटी झाली की एकाच दाराने एकेकीने बाहेर पडायचे आणि पर्स उघडून दाखवायची. खटल्यात मालकांपैकी एकाला सरकारी वकिलाने विचारले की चोरीला गेलेला माल असा कितीचा? पंचवीस डॉलरपेक्षा जास्त नसेल, असे त्याने कबूल केले.

इथे मला माझ्या नोकरीतली एक गोष्ट सांगायची आहे. एका औद्योगिक इमारतीच्या वरच्या मजल्यावर रेडीमेड कपड्यांचा गाळा होता. बायका ओव्हरलॉकवर ओळीने बसलेल्या, मागच्या जिन्याच्या दारापुढे छातीइतक्या उंचीची कापडाची गाठोडी. गाठोडी बाजूला करायला लावली तेव्हा मागे शटर दिसले आणि शटरला साखळी-कुलूप. किल्ली कुठे आहे विचारले तर सुपरवायझरने वॉचमनला हाक मारली, वॉचमनने मालकाच्या मेहुण्याचे नाव सांगितले, मेहुणा गावी गेलेला. चहा आला, बिस्किटे आली, किल्ली आली नाही. मी चहाला हात लावला नाही. कुलूप तोडायला लावले आणि शेरा लिहायला बसले. तेवढ्यात शेवटच्या मशीनवरची बाई, पन्नाशीची असेल, हळूच म्हणाली, "मॅडम, तुम्ही गेल्यावर नवं लागेल." ती चूक बोलली नव्हती. कुलूप का, याचे मालकाने दिलेले कारण तेच होते: चोरी होते.

ट्रायँगलच्या आगीनंतर शहरात संतापाची लाट उसळली. नागरिकांची एक समिती उभी राहिली आणि तिचे लोक मागण्या घेऊन आल्बनीला गेले. त्या शिष्टमंडळाच्या कामात फ्रान्सिस पर्किन्स नावाची तरुण समाजसेविका होती. आगीच्या दिवशी ती जवळच एका ओळखीच्या घरी चहाला गेली होती. आरडाओरड ऐकून धावत आली आणि खिडक्यांतून उड्या मारणाऱ्या मुली तिने खाली उभ्या राहून पाहिल्या. नागरिकांच्या समितीला आल स्मिथ यांनी जो सल्ला दिला, तो मला या सगळ्या हकिगतीतला कळीचा मुद्दा वाटतो. त्यांचे म्हणणे असे की प्रतिष्ठित माणसांची समिती नेमून काही होणार नाही. खरेच काही व्हावे असे वाटत असेल तर समिती विधिमंडळाची करा. ती आपली आहे असे विधिमंडळाला वाटेल, तिचा अहवाल ते ऐकेल आणि त्यावर काही करेल.

तसेच झाले. ३० जून १९११ रोजी कायदा करून कारखाना चौकशी आयोग नेमला गेला. नऊ सदस्य: दोन सिनेटर, कनिष्ठ सभागृहाचे तीन आणि गव्हर्नरांनी नेमलेले चार. अध्यक्ष वॅग्नर, उपाध्यक्ष स्मिथ. विरोधी पक्षाचे आमदार होते, कामगार पुढारी सॅम्युएल गॉम्पर्स होते, घरबांधणीच्या धंद्यातले एक बडे गृहस्थ होते आणि कामगार स्त्रियांच्या चळवळीतल्या मेरी ड्रायर होत्या. आयोगाला साक्षीदार हजर करण्याचा, कागद मागवण्याचा, कुठल्याही कारखान्यात शिरण्याचा अधिकार होता. नामवंत वकील एब्राम एल्कस यांनी बिनमोबदला आयोगाचे काम पाहिले. आरोग्याच्या तपासणीची जबाबदारी डॉ. जॉर्ज प्राइस यांच्याकडे होती. आणि विषय फक्त आगीपुरता ठेवला नाही. हवा, पाणी, संडास, विषारी रसायने, कामाचे तास, बालमजुरी, तळघरातल्या बेकऱ्या, घरी नेऊन करायचे शिवणकाम, सगळे घेतले. पहिल्या वर्षातच १,८३६ जागा तपासल्या आणि २२२ साक्षी नोंदवल्या.

पण मी ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतले ते आकडे नव्हेत. पर्किन्सबाई आयोगाच्या तपासनीस होत्या आणि त्यांनी ठरवले होते की आमदारांना कागद वाचू द्यायचे नाहीत, जागेवर न्यायचे. त्यांनी पुढे लिहून ठेवले आहे: एका कारखान्यात भिंतीला एक भोक होते, माणूस कसाबसा सरपटत जाईल एवढे. भोकाबाहेर लोखंडी उभी शिडी, तिच्यावर बर्फ गोठलेले, आणि शिडी जमिनीपासून बारा फुटांवर संपलेली. कागदोपत्री या प्रकाराचे नाव होते 'आगीतून सुटकेचा मार्ग'. पर्किन्सबाईंनी वॅग्नर यांना त्या भोकातून स्वतः बाहेर जायला लावले. सिनेटमधल्या बहुमताचा नेता, अंगात कोट, हाताखाली बर्फाळ लोखंड आणि पायाखाली बारा फूट पोकळी.

माझ्या सगळ्या नोकरीत मी एकही आमदार असा पाहिला नाही. हे मी कोणाला हिणवायला लिहीत नाही. त्यांना तसे कोणी नेलेच नाही. पाहणी दौरा म्हणजे आधी कळवलेला दौरा. रांगोळी काढलेली असते, नवे हेल्मेट आणि नवे बूट वाटलेले असतात, अग्निशामक नळकांडी त्याच सकाळी भरून टांगलेली असतात. भेटीला येणाऱ्यांना कारखाना दिसतच नाही.

वॅग्नर यांच्या आयोगाचे दौरे न कळवता होत. पहाटे उठून मोटारी काढायच्या आणि कॅटरॉगस परगण्यातल्या भाज्या डबाबंद करणाऱ्या कारखान्यात थेट जाऊन उभे राहायचे. तिथे त्यांनी पाच, सहा, सात वर्षांची पोरे शेंगा तोडताना आणि वाटाणे सोलताना पाहिली. ऑबर्न गावात दोरखंडाच्या कारखान्यातून रात्रीची दहा तासांची पाळी करून सकाळी बाहेर पडणाऱ्या बायकांचे लोंढे स्मिथ यांना दाखवले. मुलीचे केस ओढून डोक्याची कातडी सोलून काढेल अशी, माणसाचा हात तोडेल अशी, उघड्या पट्ट्यांची यंत्रे दाखवली. आमच्या खात्यात नव्या मुलांना आम्ही सांगत असू, ऑफिसातून शेरा लिहू नका, यंत्राजवळ जा. तेच हे.

आयोगाच्या आतही सगळे एका मताचे नव्हते. घरबांधणीवाल्या सदस्याने एकदा म्हटले की आगीत मरणाऱ्यांचे प्रमाण लोकसंख्येच्या मानाने अगदी नगण्य आहे. मेरी ड्रायर उसळून म्हणाल्या की ती माणसे होती, आणि त्यांच्यापुरते प्रमाण शंभर टक्के होते. बाहेर मालमत्तावाल्यांच्या संघटना ओरडत होत्याच: स्प्रिंकलर बसवायला लावाल, जिने वाढवायला लावाल, तर कारखाने राज्य सोडून जातील. हे वाक्य मी महाराष्ट्रात जसेच्या तसे ऐकले आहे, कधी गुजरातचे नाव घेऊन तर कधी दुसऱ्या राज्याचे.

आणि अहवालाचे काय झाले? तो धूळ खात पडला नाही, कारण अहवाल लिहिणारा आणि विधेयक मांडणारा माणूस एकच होता. आयोगाच्या अध्यक्षाने सुचवायचे, मग मंत्र्याने विचार करायचा, मग सचिवाने टिपण लिहायचे, असा प्रवास नव्हताच. वॅग्नर सिनेटमध्ये आणि स्मिथ कनिष्ठ सभागृहात विधेयके रेटत. १९१२ मध्ये १५ पैकी ८ पास झाली, १९१३ मध्ये २८ पैकी २५, आणि १९१४ पर्यंत सगळे मिळून ३६ कायदे झाले. सातव्या मजल्याच्या वर दोनशेहून अधिक माणसे कामाला असतील तिथे आपोआप पाणी फवारणारे स्प्रिंकलर. ठरावीक मुदतीने आगीचा सराव. कारखान्यात धूम्रपानाला बंदी, चिंध्या रोजच्या रोज उचलण्याची सक्ती. प्रत्येक कारखान्याची नोंदणी. आठवड्यात एक दिवस सुटी. डबाबंद भाज्यांच्या शेडमध्ये चौदा वर्षांखालच्या मुलांना मनाई. बायकांसाठी आठवड्याला ५४ तासांची मर्यादा. आणि आम्हा निरीक्षकांच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे म्हणजे कामगार खात्याची पुनर्रचना, जास्त निरीक्षक आणि धंद्याधंद्याप्रमाणे नियम करू शकणारे औद्योगिक मंडळ.

दारांबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे. कामाच्या वेळात दाराला कुलूप लावू नये आणि दार बाहेरच्या बाजूला उघडावे, ही तरतूद न्यूयॉर्कच्या कामगार कायद्यात आगीच्या आधीपासून होती! फक्त बाहेर उघडण्याच्या अटीपुढे 'शक्य असेल तेथे' असे दोन-तीन शब्द होते. अ‍ॅश बिल्डिंगमध्ये जिन्याचा टप्पा इतका चिंचोळा ठेवला होता की दार बाहेर उघडणे शक्यच नव्हते, म्हणून ते आत उघडत होते. कुलपाबद्दल तपासायला निरीक्षक पुरेसे नव्हते. खटल्यात ज्यूरीपुढे प्रश्न आला की त्या वेळी दाराला कुलूप आहे हे मालकांना माहीत होते का, आणि डिसेंबर १९११ मध्ये दोन्ही मालक निर्दोष सुटले. पुढे दिवाणी दाव्यांत एका जिवामागे ७५ डॉलरवर तडजोड झाली. कायदा होता, त्यातल्या पळवाटा कोणी वाचल्या नव्हत्या आणि अंमल करणारी माणसे नव्हती. वॅग्नर वकील असल्याने त्यांना हे लगेच दिसले, असे माझे मत आहे.

वकील असण्याचा आणखी एक फायदा झाला. त्या काळात न्यूयॉर्कचे सर्वोच्च अपील न्यायालय कामगार कायदे धडाधड रद्द करीत होते. ट्रायँगलच्या आगीच्या आदल्याच दिवशी, २४ मार्च १९११ ला, त्याने अपघाताच्या नुकसानभरपाईचा कायदा घटनाबाह्य ठरवला होता. मग वॅग्नर-स्मिथ नेते असताना राज्यघटनेतच दुरुस्ती झाली, १९१३ च्या नोव्हेंबरात मतदारांनी ती मंजूर केली आणि डिसेंबरात नवा भरपाई कायदा आला. बायकांच्या रात्रपाळीवरची बंदी याच न्यायालयाने १९०७ मध्ये रद्द केली होती. आयोगाने पुन्हा तसा कायदा करायला लावला तेव्हा १९१५ मध्ये तेच न्यायालय तो उचलून धरते झाले, आणि निकालात आयोगाने जमवलेल्या पुराव्याचा आधार घेतला गेला. रात्रपाळीवरची सरसकट बंदी मला स्वतःला पटत नाही. आपल्याकडे १९४८ च्या फॅक्टरीज अ‍ॅक्टच्या, म्हणजे कारखाना कायद्याच्या, कलम ६६ मधल्या रात्रपाळीच्या बंदीमुळे कित्येक कष्टाळू बायकांना चांगले काम नाकारले गेलेले मी पाहिले आहे. रात्री घरी पोचवायला गाडी आणि सोबत देणे हा खरा उपाय होता. पण पाहून, मोजून, लिहून ठेवलेला पुरावा न्यायालयाचे मत बदलवू शकतो, हे त्या निकालातून घेण्यासारखे आहे.

वॅग्नर यांचे पुढचे आयुष्य थोडक्यात सांगते. १९१९ ते १९२६ ते न्यायाधीश होते. कामगारांविरुद्ध मनाई हुकूम काढायची न्यायालयांना सवय होती. वॅग्नर यांनी उलट मालकांच्या संघटनेविरुद्ध कामगार संघटनेच्या बाजूने हुकूम दिला. मग अमेरिकेच्या सिनेटमध्ये गेले. संघटना बांधण्याचा आणि मालकाशी सामूहिक वाटाघाटी करण्याचा हक्क देणारा १९३५ चा कायदा त्यांच्या नावाने ओळखला जातो, आणि त्याच वर्षीचा सामाजिक सुरक्षा कायदा सिनेटमध्ये त्यांनीच मांडला. पर्किन्सबाई तेव्हा देशाच्या कामगारमंत्री होत्या, अमेरिकेच्या मंत्रिमंडळातली पहिली स्त्री. काळ्या लोकांना जमावाने ठार मारण्याविरुद्धचे वॅग्नर यांचे विधेयक दक्षिणेतल्या सिनेटरांनी हाणून पाडले. १९३९ मध्ये जर्मनीतल्या वीस हजार निर्वासित मुलांना आसरा देण्याचे विधेयक आणले, तेही पास झाले नाही. ४ मे १९५३ रोजी ते गेले.

मुलीकडे न्यू जर्सीला गेले होते तेव्हा मी ती इमारत मुद्दाम पाहून आले. आता तिथे न्यूयॉर्क विद्यापीठाचे वर्ग भरतात. ग्रीन स्ट्रीट आणि वॉशिंग्टन प्लेसच्या कोपऱ्यावर २०२३ पासून एक स्मारक आहे: वरून खाली येणारी पोलादी पट्टी, माणसाच्या डोक्याच्या वर ती इमारतीच्या दोन बाजूंना वळते आणि तिच्यात मृतांची नावे कोरून आरपार कापली आहेत. खाली चकचकीत फलकात ती नावे उलटी दिसतात, आकाशासकट. विद्यार्थी सँडविच खात शेजारून जात होते. मी नवव्या मजल्याच्या खिडक्या मोजून काढल्या आणि बंबाची शिडी कुठवर आली असेल ते पाहिले. निवृत्त झाले तरी ही सवय जात नाही.

आता आपल्याकडे. आपण काही अमेरिकेच्या मागे नव्हतो. गिरणी कामगारांना रविवारची सुटी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे १८९० मध्येच मिळाली. न्यूयॉर्क राज्यात आठवड्यातून एका सुटीचा कायदा त्यानंतर तेवीस वर्षांनी आला. आयोगाचे कायदे आल्बनीत पास होत होते त्याच १९१३ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्क शहरात कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तेही पुढे वकील झाले, मुंबई विधिमंडळाचे सदस्य झाले, आणि १९४२ ते ४६ मध्ये व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते त्यांच्याकडे होते. कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आणणारी १९४६ ची दुरुस्ती त्यांच्या कारकिर्दीतली. कामगार संघटनांना मान्यता देणे मालकांवर बंधनकारक करणारे विधेयक त्यांनी १९४३ मध्येच मांडले होते. कामावर माणूस असताना दाराला कुलूप नको आणि दार बाहेर उघडले पाहिजे, हे १९४८ च्या फॅक्टरीज अ‍ॅक्टच्या कलम ३८ मध्ये पहिल्या दिवसापासून होते. कागदावर आपण कुठेच कमी नाही.

कमी पडतात ते जागेवर जाणारे पाय. एकेका निरीक्षकाकडे शेकडो कारखाने. तपासणी कुठे करायची हे संगणक ठरवणार. कामगारांच्या सुरक्षेबद्दलच्या २०२० च्या संहितेत तर विजेवर चालणाऱ्या कारखान्याची मर्यादा दहा कामगारांवरून वीसवर नेली आहे. मी ज्या गाळ्याचे कुलूप तोडले तसल्या गाळ्यांत मस्टरवर बारा-पंधरा नावे असतात आणि आत माणसे तीस. संख्या मस्टरवरून धरली तर असा गाळा कारखाना ठरतच नाही. तिथे कोणी जायचे?

म्हणून माझी मागणी अशी आहे. विधिमंडळाने दोन्ही सभागृहांच्या सर्वपक्षीय आमदारांची समिती कायदा करून नेमावी, तिला साक्षी नोंदवण्याचे आणि कुठेही शिरण्याचे अधिकार द्यावेत, तिच्यात कामगारांचे आणि बायकांचे प्रतिनिधी असावेत. तिने भिवंडीची गोदामे, इचलकरंजीचे माग, सोलापूरच्या टॉवेलच्या शेड, तारापूरची रसायने आणि पुण्या-मुंबईच्या उपनगरांतले वरच्या मजल्यांवरचे गाळे न कळवता पाहावेत. रात्रपाळीला जावे. मागचा जिना स्वतः उतरून पाहावा. आणि समितीच्या अध्यक्षानेच पुढच्या अधिवेशनात विधेयक मांडावे. हे अशक्य आहे असे कोणी म्हणू नये. पक्षश्रेष्ठींच्या शब्दाबाहेर न जाणाऱ्या एका तेहतीस-चौतीस वर्षांच्या वकील आमदाराने ते करून दाखवले आहे. मर्फींसारख्या धूर्त माणसाने त्याला आडकाठी केली नाही, कारण या कायद्यांनी मते मिळतात हे त्यालाही कळले होते. आपल्या पक्षश्रेष्ठींनाही ते कळायला हरकत नाही.

आपल्याकडेही एक विनंती आहे. आगीची बातमी देताना आपल्या बातमीदारांना 'शॉर्ट सर्किटमुळे आग' एवढ्यावर थांबू देऊ नका. बाहेर पडायला दारे किती होती, ती कोणत्या बाजूला उघडत होती, कुलूप होते का, किल्ली कोणाकडे होती, मस्टरवर किती नावे होती आणि आत किती माणसे होती, त्या जागेची शेवटची तपासणी कधी झाली, हे त्यांनी विचारावे आणि उत्तर मिळाले नाही तर मिळाले नाही असे छापावे. त्या भागाच्या आमदारांनाही विचारावे की आगीच्या आधी ते त्या इमारतीत कधी गेले होते का.

आपली,
एक निवृत्त कारखाना निरीक्षक
चिंचवड, पुणे